आधीचा पडसाद

१

लग्नसराईत अभिमनला आजारी पडायलाही सवड नसे. दोन कर्णे, आवाजाची एक पेटी, बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर, चावीचं रेकॉर्डचं मशीन आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी एवढा संसार एसटीच्या टपावर चढवून तो धुळ्याहून निघायचा, आणि ज्या गावात उतरेल तिथलं लग्न आसपासच्या शिवारापर्यंत ऐकू जायचं. कर्णा मांडवावर चढल्याशिवाय लग्न लागलं असं मानायला कोणी तयारच नसे. भटजी थोडा उशिरा आला तरी चाले, अभिमनला उशीर झाला की वरबाप घामाघूम व्हायचा.

पाच कंदील चौकापासून आत वळलं की गल्लीत त्याचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. घरात देवापेक्षा तबकड्यांचं सोवळं जास्त आहे, असं त्याची बायको कुंदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. खोटं नव्हतं ते. तबकडी कडेनं धरायची, बोटं मध्ये टेकवायची नाहीत. उभी ठेवायची, एकीवर एक रचायची नाही. मलमलीच्या फडक्यानं रेघांच्या वळणानंच पुसायची. आणि उन्हात? उन्हाचं नावसुद्धा काढायचं नाही. वैशाखात तो पेटीवर ओलं गोणपाट टाकायचा आणि ते वाळू न देण्याचं काम कुंदाबाईकडे असायचं. या सगळ्या नियमांवरून तिनं त्याची इतकी बोलणी खाल्ली होती की झोपेतसुद्धा तिनं तबकडी कडेनंच धरली असती.

हे शहाणपण अभिमनला फुकट मिळालं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यानं मुंबईला जाऊन स्वतःची एक खास तबकडी कापून आणली होती. त्याच्याच आवाजात, ऐटीत: ऐका हो ऐका, धुळ्याची अभिमन साउंड सर्व्हिस! कापणाऱ्यानं बजावलं होतं, की ही बाजारातल्या रेकॉर्डसारखी दाबून काढलेली नाही. पत्र्यावर रोगणाचा मऊ थर आहे आणि त्यात रेघ कोरलीय. सुई जड असेल तर ती दर वेळी थोडं थोडं खरवडून नेणार. अभिमननं मान डोलावली आणि सारंगखेड्याच्या यात्रेत तीच तबकडी दिवसभर लावली, वर सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर एक नाणंही ठेवलं. यात्रा उठेपर्यंत कर्ण्यातून एक माणूस विहिरीत पडून ओरडतोय असं ऐकू येऊ लागलं. लोक हसले. तेव्हापासून कोरलेल्या तबकडीला तो तान्ह्या पोराइतकं जपायचा.

म्हणूनच दोंडाईच्याचे इंदरचंद शेट लाल कापडात बांधलेली एक तबकडी घेऊन नेमके त्याच्याकडे आले.

२

इंदरचंद शेटचा मिरची आणि धान्याचा व्यापार. माणूस धिप्पाड, पण दम्यानं पोखरलेला. दोन शब्द बोलले की छातीतून शीळ वाजायची. त्या दुपारी ते दुकानातल्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी गाठ सोडली.

"अभिमनभाऊ, ही धन्नीच्या आईची तबकडी आहे."

धन्नी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, धनकुंवर. तिचं लग्न याच महिन्यात होतं. आणि तिची आई लाडकुंवर, मुलगी मांडीवर असतानाच गेलेली. मुंबईला औषधपाण्यासाठी नेलं होतं. डॉक्टरांनी शेटजींना बाहेर बोलावून काय सांगितलं, ते तिला न सांगताच कळलं. मग तिनं हट्ट धरला. तिथं आवाजाची तबकडी कापून देतात ना? मला घेऊन चला. अंगात ताप असताना ती स्टुडिओत बसली आणि मुलीला सासरी पाठवताना त्यांच्यात बायका म्हणतात ते गाणं म्हणाली.

"मला म्हणाली, बिदाईच्या वेळी मी नसणार. हे लावा." शेटजींनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मी शब्द दिला. तेव्हापासून ही देवघरात ठेवलीय. वाजवली मात्र कधीच नाही. छाती झाली नाही."

अभिमननं तबकडी कडेनं उचलली आणि त्याचा जीव हळहळला. देवघरात ठेवली होती, पण आडवी, आणि वर चांदीची ताटं. रोगणातून पांढरी भुकटी फुटून आली होती. जुन्या कोरलेल्या तबकड्यांना उष्ण मुलखात हा रोग होतोच. पण थराला तडा नव्हता.

"वाजेल," तो म्हणाला. "मी हिला नीट करतो. फक्त एकदा ऐकून बघावी लागेल."

"तुम्ही ऐका. मी नाही," शेटजी घाईघाईनं उठले. "मी त्या दिवशीच ऐकेन."

३

अभिमननं मलमल ओली करून, पिळून, वळणावळणानं ती भुकटी काढली. सावलीत तबकडी वाळवली. मशीनवर हलक्या वजनाची, नीलमच्या टोकाची सुई बसवली, जी तो एरवी कोणाला दाखवतही नसे. दुपार टळटळीत होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दुकानाची फळी त्यानं अर्धी लावून घेतली आणि सुई टेकवली.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीत, खूप लांबून, कपबशी फुटल्याचा आवाज आला.

"काय फुटलं गं?" त्यानं सवयीनं मागे ओरडून विचारलं.

"काहीच नही फुटनं," स्वयंपाकघरातून कुंदाबाईचा आवाज आला. "तुम्हना कानले काय व्हयनं?"

मग गाणं सुरू झालं आणि अभिमन सगळं विसरला. बाईचा आवाज शिकलेला नव्हता. पण इतका जवळचा, इतका कोवळा, की त्याच्या अंगावर काटा आला. शब्द मारवाडी होते, तरी त्याला सगळं कळलं. मुलीचं लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला ते कळलं असतं, आणि अभिमननं तर दोन मुली सासरी पाठवल्या होत्या. त्याला हुंदका आला.

गाण्याच्या मधोमध त्याला खालून एक कुरकुर ऐकू आली. कुर्र. मग थांबून पुन्हा, कुर्र. तबकडीचं भोक नेमकं मध्यावर नसेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि सुई उचलून घेतली. मऊ तबकडी उगाच घासायची नाही, हा नियम.

आणि तेवढ्यात मागे खळकन कपबशी फुटली.

"आते फुटनी," कुंदाबाई वैतागून म्हणाली. "समाधान व्हयनं का तुम्हनं?"

४

आता, अभिमन काही भुताखेतांना भिणारा माणूस नव्हता. लग्नांवरून रात्री-अपरात्री तो एकटा परतायचा. शिवाय अशा गोष्टीला एक साधं कारण असतं, हे त्याला ठाऊक होतं. मुंबईच्या त्या कापणाऱ्यानंच त्याला सांगितलं होतं. कोरलेल्या रेघा अगदी शेजारी शेजारी असतात. पुढच्या रेघेत मोठा आवाज कोरला, की मऊ थर दबतो आणि त्याची पुसट खूण आधीच्या रेघेतही उमटते. म्हणून कधी कधी सूर यायच्या आधीच तो सूर बारीक ऐकू येतो. आधीचा पडसाद म्हणतात त्याला. त्यात भिण्यासारखं काही नाही.

सगळं पटण्यासारखं होतं. फक्त त्याच्या स्वयंपाकघरातली कपबशी लाडकुंवरबाईच्या तबकडीत शेजारच्या रेघेत कशी असेल, एवढं एकच पटत नव्हतं.

योगायोग, असं ठरवून त्यानं जेवण केलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पुन्हा फळी अर्धी लावली. एकदाच, कुरकुरीचा दोष कुठे आहे ते बघायला, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फसवताना फार गोड बोलतो.

या वेळी कपबशी नव्हती. सुरुवातीला बाहेर सायकलची घंटी आणि "कल्हईऽऽ" अशी हाळी आली, आणि त्यानं फळीवरून डोकावलं तर गल्ली रिकामी. मग गाणं. मग ती कुरकुर. भोकाचा दोष असता तर ती एका ठरलेल्या वेगानं आली असती. ही आधी रेंगाळत आली आणि हळूहळू भराभर होत गेली. कुर्र… कुर्र… कुर्रकुर्रकुर्र. काहीतरी जड, वर कुठेतरी, फिरू लागलं होतं.

मग कडाड असा आवाज झाला. लोखंड फरशीवर कोसळलं. बायकांच्या किंकाळ्या उठल्या, एकीत एक मिसळलेल्या. गाणं त्या सगळ्याखाली तसंच चालू होतं, आणि त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटत होतं. आणि शेवटी त्या कल्लोळातून एक पुरुषी आवाज, शीळ घालणाऱ्या छातीतून ओढून काढलेला:

"धन्नी, ऊठ बेटा. ऊठ."

अभिमननं सुई इतक्या घाईनं उचलली की त्याचा हात मशीनवर आपटला. त्याचं डोकं अजून कारणं शोधतच होतं. स्टुडिओत शेटजीही असतील. तान्ही पोरगी मांडीवर असेल. त्यांनी तिला म्हटलं असेल, ऊठ. पण तेव्हा शेटजी तरुण होते, आणि तबकडीतला माणूस दम्यानं थकलेला होता. तो आवाज परवाच याच खुर्चीवर बसला होता.

बाहेर सायकलची घंटी वाजली. "कल्हईऽऽ," कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी ओरडलं.

५

त्यानं पहिल्यांदा साधा मार्ग करून बघितला. दोंडाईच्याला जाऊन शेटजींना सांगितलं की तबकडी फार नाजूक आहे, लावली तर कदाचित कायमची जाईल. दुसरं एखादं छान गाणं लावू.

शेटजींनी त्याचे दोन्ही हात धरले. "एकदा वाजून गेली तरी चालेल. तिनं एकदाच मागितलंय. नाही म्हणू नका."

खरं सांगावं तर माणूस म्हणेल, उन्हानं याचं डोकं फिरलं. आणि नाही म्हटलं तर, तबकडी उचलून शेटजी दुसऱ्या कोणा कर्णेवाल्याकडे जातील, जो सुईवर नाणं ठेवून ती लावेल. मांडवात पोरगी, वरून काहीतरी कोसळणार, बाप म्हणणार ऊठ, आणि पोरगी उठणार नाही. हे सगळं त्या गाण्याबरोबर येत होतं. गाणंच वाजलं नाही तर ते येणारही नाही, असं अभिमनच्या मनानं घेतलं, आणि एकदा घेतलं ते सोडेना.

धुळ्याला परतल्यावर, भर दुपारी, कुंदाबाई कलंडलेली बघून तो शिडीवरून पत्र्याच्या छपरावर गेला. पत्रा इतका तापला होता की अनवाणी पाय टेकवेना. त्यानं लाल कापड उघडलं आणि तबकडी उन्हात आडवी ठेवली. रोगण सुरकुतेल, तबकडीच्या पत्र्यापासून सुटेल. वैशाखात असं होतं, हे खानदेशात कोणालाही पटलं असतं. खाली येऊन तो भिंतीला टेकून बसला आणि आपण एका मेलेल्या बाईचा आवाज जाळतोय या विचारानं त्याला रडू फुटलं. पण तो उठला नाही. त्याच विचारात त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कुंदाबाई समोर उभी होती. हातात तबकडी, कडेनं धरलेली.

"उन्हमा कोन ठेवस हो रेकाट?" ती संतापून म्हणाली. "मी पापड देखाले वर गऊ, तं ही तठे! तुम्हीनच सांगतस ना, उन्हमा ठेवानं नही म्हनीसन? लगेच उचली, माठनाजोडे सावलीमा उभी ठेवी. नशीब, काही नही व्हयनं."

अभिमननं कपाळावर हात मारला. इतकी वर्षं बायकोला वळण लावलं, ते नेमकं आज फळाला आलं. मग त्याच्यानं राहवलं नाही. कपबशी, कल्हईवाला, कुरकुर, किंकाळ्या, सगळं त्यानं तिला सांगून टाकलं.

कुंदाबाई हसली नाही. तबकडी लाल कापडात गुंडाळता गुंडाळता ती विचार करत राहिली.

"मायनं गानं शे ते," ती शेवटी म्हणाली. "माय पोरले खाई जास का कधी?"

"अगं, पण मी कानानं ऐकलंय."

"तुम्हीन आयकंच. पन देखं का काही?" तिनं गाठ मारली. "तठे जे व्हनार शे ते गानामुये व्हनार शे, असं कोन सांगं तुम्हले? जा तुम्हीन. कर्णास्ना दोर दोनदा देखा, पन जा."

६

अभिमननं दोर दोनदा नाही, येता-जाता बघितले. दोंडाईच्याच्या धर्मशाळेत त्यानं कर्णे मांडवाच्या मेढीला न बांधता अंगणातल्या कडुलिंबाला बांधले, जिथे खाली कोणी बसणार नाही. वरून पडेल असं काही दिसलं की तो हलवायला लावायचा. हंडी काढली, झुंबर काढलं. शेटजींची बहीण तारादेवी सगळ्या समारंभावर देखरेख करत होती. ती शेवटी म्हणाली, "भाऊ, तुम्ही कर्णेवाले की सुतार?"

लग्न निर्विघ्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणं उठली आणि बिदाईची तयारी सुरू झाली. गावाची वीज पहाटेपासून गेलेली होती. त्याचं मशीन चावीवर आणि अॅम्प्लिफायर बॅटरीवर, त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं. त्यानं मशीन मोठ्या दालनाच्या एका कोपऱ्यात मांडलं आणि आवाजाची एक पेटी तिथंच, भिंतीला लावून ठेवली.

दालनाच्या मधोमध पाट होता. त्यावर धन्नी बसली होती, ओढणीत मान खाली घातलेली. बायका भिंतीकडेनं दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि एकेक वडीलधारी बाई पुढे येऊन तिच्या ओटीत नारळ घालून मागे सरकत होती. नवरा मुलगा बाहेर मोटारीपाशी. शेटजी दारात, चौकट धरून उभे. त्यांनी अभिमनकडे बघून मान हलवली.

अभिमननं मनात कुलदैवताचं नाव घेतलं आणि सुई टेकवली.

खरखर. आणि मग लाडकुंवरबाई गाऊ लागली. ज्यांनी तिला पाहिलं होतं त्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शेटजी चौकटीवर डोकं टेकवून लहान मुलासारखे रडू लागले. धन्नीनं मान वर केली. आईचा आवाज ती जाणतेपणी पहिल्यांदा ऐकत होती आणि तिचा चेहरा असा काही झाला की अभिमननं नजर वळवली.

तेवढ्यात वीज आली. दिवे लागले. बायकांनी हुश्श केलं.

अभिमन कान टवकारून त्या कुरकुरीची वाट बघत होता. गाणं तिथवर आलं, आणि तबकडीत कुरकुर नव्हती. स्वच्छ, नुसतं गाणं. त्याला क्षणभर इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्यानं श्वास सोडला.

कुर्र.

पेटीतून नव्हतं आलं ते. वरून आलं होतं.

त्यानं वर पाहिलं. दालनाच्या उंच छताला, लांब दांड्यावर, एक जुना जडशीळ पंखा होता. सकाळपासून तो बंद होता, म्हणून त्याचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. पंखा तर छताचाच असतो, तो पडेल असं कोणाच्या मनात येतं? पाट त्याच्याच खाली मांडला होता, वीज आली की मुलीला वारा लागावा म्हणून. आता तो रेंगाळत फिरू लागला होता. कुर्र… कुर्र… दांडा वर कडीपाशी हलत होता.

"पोरी, ऊठ!" अभिमन ओरडला. ओरडला म्हणजे त्यानं तोंड उघडलं. घशातून हवाच निघाली. आणि निघालं असतं तरी, रडणाऱ्या बायकांत आणि त्या गाण्यात कोणाला ऐकू गेलं असतं? तो उठायला गेला तर वायरीत पाय अडकून गुडघ्यावर पडला. कुर्रकुर्रकुर्र.

गाण्याचं कडवं संपलं. पुढचं सुरू होण्याआधी बाई श्वास घ्यायला थांबते, एवढीच तिथं जागा होती. अभिमनला ती जागा पाठ होती. तिथं खरखरीशिवाय काही नव्हतं.

त्या जागेत लाडकुंवरबाई बोलली. गायली नाही, बोलली. घरात कामात असलेली बाई पोरीला हाक मारते तशी, साधी, जराशी घाईची.

"धन्नी, अठै आव."

इकडे ये. कुंदाबाईच्या अहिराणीतल्या ‘आठे ये’सारखंच, अभिमनला अर्थ लावावा लागला नाही. धन्नी पाटावरून उठली. ओटीतले नारळ घरंगळत गेले. कोणी तिला अडवायच्या आत ती सरळ चालत मशीनपाशी आली आणि आवाजाच्या पेटीसमोर उभी राहिली, दार उघडायची वाट बघत असल्यासारखी.

मागे कडाड झालं.

७

धूळ खाली बसायच्या आत किंकाळ्या उठल्या, अगदी त्याच, एकीत एक मिसळलेल्या. गाणं चालूच होतं. पाटाचे तुकडे झाले होते आणि पंख्याचं एक पातं फरशीत रुतून उभं होतं. तारादेवीच्या पदराची कड फाटली होती. बाकी कोणाला ओरखडाही नव्हता.

धन्नी कानांवर हात ठेवून पेटीपाशी खाली बसली. गर्दीतून वाट काढत, छातीतून शीळ वाजवत, शेटजी आले आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसले.

"धन्नी, ऊठ बेटा. ऊठ."

अभिमननं डोळे मिटून घेतले. तोच आवाज, तेच शब्द. मग त्यानं डोळे उघडले. धन्नीनं कानांवरचे हात काढले, बापाच्या गळ्यात टाकले आणि ती उठली.

अभिमन तिथंच फरशीवर बसून हसू लागला आणि हसता हसता रडू लागला. इतके दिवस त्यानं जे ऐकलं होतं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. फक्त ऐकताना त्याला ही उठलेली पोरगी दिसली नव्हती. आणि आपण ही तबकडी उन्हात ठेवली होती! कुंदाबाई पापड बघायला वर गेली नसती तर? या विचारानं, पंखा पडतानापेक्षाही त्याचा जास्त थरकाप उडाला. मग तोही ओसरला. मुलगी समोर उभी होती आणि तिला तहान लागली होती. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणला.

थोड्या वेळानं, पंखा बाहेर नेल्यावर, शेटजी म्हणाले की गाणं पुन्हा लावा, पोरीची पाठवणी राहिलीय. अभिमननं लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं गाणं वाजलं. त्या श्वासाच्या जागेत खरखर होती, दुसरं काही नाही. धन्नी रडत रडत निघाली, सगळ्या मुली निघतात तशी, आणि हे किती चांगलं आहे असं अभिमनला वाटलं.

मोटारीत बसण्याआधी ती त्याच्यापाशी आली. तबकडी तिला द्यायची होती. त्यानं लाल कापडावर हात फिरवत सगळं सांगितलं: उभी ठेव बाई, वर काही रचू नको. कडेनं धर. पांढरं फुटलं तर ओल्या मलमलीनं वळणावळणानं पूस. उन्हात कधीही नाही. हलकी सुई. आणि फार लावू नको, झिजते.

"मधे आई बोलते, ते पण झिजेल का?" तिनं विचारलं.

"कोण बोलतं?" शेटजी मागून म्हणाले.

"आईनं मला बोलावलं ना, म्हणून तर उठले मी. धन्नी, अठै आव, म्हणाली."

शेटजी हसले, डोळे पुसत. "बेटा, तबकडी कापली तेव्हा मी तिथंच उभा होतो. नुसती गायली ती. आणि तुझी आई तुला लाली म्हणायची. धन्नी हे नाव मी पाडलं, ती गेल्यावर."

धन्नीनं अभिमनकडे पाहिलं. अभिमननं तबकडी तिच्या हातात दिली, आणि तिनं ती कडेनं धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या दुकानात बसला होता. फळी पूर्ण उघडी, मशीन बंद, पेटीवर ओलं गोणपाट. कुंदाबाईला त्यानं सगळं सांगून झालं होतं आणि तिनं सगळं ऐकून फक्त "मी सांगं ना" एवढंच म्हटलं होतं. गल्लीत कोणी नव्हतं. काही ऐकू येत नव्हतं.

मग मागे खळकन कपबशी फुटली.

अभिमन दचकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. आधी काहीच वाजलं नव्हतं. फुटली तेव्हाच तिचा आवाज आला होता.

"फुटली का गं?" त्यानं हसत हाक मारली.

"फुटनी," कुंदाबाई म्हणाली.

"फुटू दे," अभिमन म्हणाला. "चहा दुसऱ्या कपात आण."